छायाचित्रातील वाटसरू

मोठ्या शहरांच्या रस्त्यांवर घेतलेली छायाचित्रे पाहावयास बसले की एका जातीचे चित्र पुन्हा पुन्हा दृष्टीस पडते. पदपथावर एखादा मनुष्य गोणपाट पांघरून निजलेला असतो, किंवा एखादी वृद्धा भिंतीला टेकून हात पसरून बसलेली असते. तिच्यापुढून माणसे जात असतात. एकाच्या हातात छत्री असते, दुसऱ्याच्या हातात फळांची पिशवी असते, तिसरा घड्याळाकडे पाहत असतो. त्यांपैकी एकाचीही नजर खाली वळलेली नसते. असे चित्र पाहून प्रेक्षक हळहळतो आणि ‘काय हे दारिद्र्य!’ असे उद्गारतो. परंतु अंमळ बारकाईने पाहिले असता ध्यानात येते की, छायाचित्रकाराला केवळ दारिद्र्य दाखवावयाचे नव्हते. त्यासाठी त्या निजलेल्या माणसाचे एकट्याचे चित्र पुरले असते. जाणाऱ्यायेणाऱ्यांना त्याने चौकटीत मुद्दाम ठेवले आहे. अशा चित्राचा खरा विषय भिकारी नसून वाटसरू हा आहे. आणि हा वाटसरू म्हणजे बहुधा तोच गृहस्थ, जो पुढे केव्हातरी घरी निवांत बसून ते चित्र पाहणार असतो.

मुंबईत घेतलेले या जातीचे एक चित्र जगभर ठाऊक आहे. १९९३ साली अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी हे नॅशनल जिऑग्रफिक मासिकासाठी मुंबईत काम करीत होते. पावसाळ्याचे दिवस होते. त्यांची टॅक्सी चौकात सिग्नलपाशी थांबली असता एक स्त्री मूल कडेवर घेऊन गाडीजवळ आली आणि बंद काचेतून आत पाहू लागली. मॅकरींनी कॅमेरा उचलून दोन चित्रे टिपली, तोच दिवा हिरवा झाला व गाडी पुढे निघाली. चित्रात काचेवरचे पाणी आहे आणि काचेपलीकडे माय व लेकरू आहे. वाटसरू मात्र कोठेच दिसत नाही. तो दिसणार कसा? कॅमेरा त्याच्याच आसनावर ठेवलेला आहे. जो कोणी ते चित्र पाहतो तो नकळत त्या टॅक्सीत जाऊन बसतो. काचेच्या आतला कोरडेपणा त्याच्या वाट्याला येतो आणि बाहेरची नजर त्याच्यावर रोखलेली असते. त्या स्त्रीचे नाव चित्राखाली नाही. दिवा हिरवा झाल्यावर ती कोठे गेली हेही चित्र सांगत नाही.

आता प्रश्न असा की, वाटसरू न पाहता पुढे जातो तो का? त्याचे अंतःकरण पाषाणाचे झालेले असते, हे उत्तर सोपे आहे. पण ते पुरते खरे नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जॉन डार्ली व डॅनियल बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण करावयास सांगण्यात आले. वाटेत एक मनुष्य दारापाशी वाकून, कण्हत पडलेला असे. तो अर्थातच योजून ठेवलेला होता. काहींना ‘पुष्कळ वेळ आहे’ असे सांगितले होते, तर काहींना ‘उशीर झाला, धावा’ असे. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी शेकडा ६३ जणांनी त्या माणसाची विचारपूस केली. ज्यांना घाई होती त्यांच्यापैकी शेकडा दहाच थांबले. विशेष हे की, पुष्कळांच्या भाषणाचा विषयच वाटेत पडलेल्या जखमी परक्याला साहाय्य करणाऱ्या सज्जनाची बायबलातील कथा हा होता. त्या विषयाने त्यांच्या वर्तनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो वेळेने. तात्पर्य, उपेक्षेच्या मुळाशी दुष्टपणापेक्षा घाई अधिक असते, आणि रोजची घाई हीच पुढे सवय बनते. पहिल्या दिवशी मान वळवताना मनाला टोचते; शंभराव्या दिवशी मान वळवल्याचे भानही राहत नाही.

जुन्या ग्रामव्यवस्थेत याचना या घाईत सापडत नसे. मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगाव हे बाजारपेठेचे गाव आहे. अशा गावी पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव येई, सुगीनंतर नंदीबैलवाला येई, कडकलक्ष्मीचा पोतराज अंगावर कोरडे ओढीत येई. तो कोणत्या गावाहून आला, त्याचा बाप येत असे की नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांस ठाऊक असे. घरधनीण सुपातून धान्य आणी व झोळीत घाली. देणे नसले तर ‘पुढे जा, बाबा’ म्हणे. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, नाही म्हणावयाचे तरी उंबऱ्यापर्यंत येऊन तोंड उघडावे लागे. नकारालाही समोरासमोर उभे राहावे लागे.

याच घनसावंगी तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम आहे. १६०८ साली तेथे जन्मलेल्या या पुरुषाने दासबोधाच्या चौदाव्या दशकातील एक संपूर्ण समास भिक्षेच्या निरूपणासाठी खर्ची घातला. भिक्षा म्हणजे केवळ पोटाची सोय नव्हे. दारोदार हिंडणाऱ्याला लोकांची पारख होते, मुलूख कळतो, असा त्यांचा दृष्टिकोन होता. मागणारा हाही पाहणारा असतो, ही त्यातील जाणीव मोठी मोलाची आहे. शहरातील छायाचित्रे पाहताना नेमका याच गोष्टीचा विसर पडतो. चित्रातील भिकारी हा पाहण्याचा विषय होऊन बसतो. तोही दिवसभर माणसे पाहत असतो, कोण थांबेल व कोण नाही हे चालीवरून ओळखत असतो, हे कोणाच्या मनातही येत नाही.

तथापि त्या जुन्या ओळखीचे अवास्तव गोडवे गाण्याचे कारण नाही. गावातील दार सर्वांना सारखे उघडत नसे. कोणाला ओसरीवर बसवावयाचे, कोणाला अंगणात उभे करावयाचे आणि कोणाच्या पदरात दुरून भाकरी टाकावयाची, हे जातीने ठरवून दिलेले होते. गावाची कामे करून वर दारोदार शिळ्या भाकरीसाठी हाक मारावी लागणे यातील अपमान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखला, आणि १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत उष्टे व शिळे तुकडे न स्वीकारण्याचा उपदेश आपल्या अनुयायांस केला. ओळख असूनही मान नसेल तर ती ओळख काय कामाची? गावाने पाहिले, परंतु पुष्कळदा खाली पाहिले. शहराने तर पाहण्याचेच सोडून दिले. या दोन्ही दोषांची जाणीव ठेवूनच पुढील विचार केला पाहिजे.

गावात नाव असलेला मनुष्य शहरात निनावी होतो तो कसा, हेही मराठवाड्याच्या इतिहासावरून समजते. १९७२ च्या दुष्काळात या भागातील विहिरी आटल्या, पिके गेली, गुरे विकावी लागली. त्या संकटातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तरीही दुष्काळाने आपली फेरी सोडली नाही. २०१२-१३ साली जालना जिल्हा पाण्यासाठी व्याकूळ झाला. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातून, विशेषतः नांदेड जिल्ह्यातून, आलेली शेकडो कुटुंबे मुंबईत घाटकोपरच्या मैदानात कापडाच्या आडोशाने राहिली. त्यांत जमिनीचे मालक होते, शाळेत जाणारी मुले होती. गावी त्यांना आडनावाने हाक मारीत. मुंबईत मैदानाच्या कडेने जाणाऱ्याला ती नुसती ‘गर्दी’ दिसली. एका रात्रीच्या प्रवासाने माणसाचे नाव पुसले जाते, ते असे.

अशा पुसलेल्या माणसाला दृष्टीसमोर आणण्याचे काम छायाचित्राने केलेले आहे, हे निःसंशय. न्यूयॉर्कमधील पोलीस-वार्ताहर जेकब रीस याने रात्रीच्या वेळी स्फोटक चूर्णाच्या प्रकाशात कोंदट खोल्यांतून व निवाऱ्यांतून निजलेल्या बेघरांची चित्रे घेतली आणि १८९० साली ती ग्रंथरूपाने लोकांपुढे ठेवली. त्याच्या चळवळीचा एक परिणाम म्हणून तेथील पोलीस ठाण्यांतील ओंगळ रात्रनिवारे १८९६ साली बंद झाले. भारतातील उदाहरण याहून हृदयद्रावक आहे. १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी लोक अन्नावाचून मरत होते. कलकत्त्याच्या पदपथांवर प्रेते पडत होती व नोकरदार वर्ग त्यांना वळसा घालून कचेरीस जात होता. युद्धकाळातील निर्बंधांमुळे वृत्तपत्रांना दुष्काळाविषयी मोकळेपणे लिहिता येत नव्हते. ‘स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी त्या रस्त्यांवरील मरणोन्मुख माणसांची छायाचित्रे छापली. शब्दांवर पहारा होता, चित्रांवर तो तितका कडक नव्हता. जे कलकत्त्यात रोज डोळ्यांखालून जात होते ते छापल्यावर दिल्लीत व लंडनमध्ये पोहोचले आणि सरकारला मौन धरणे अशक्य झाले. सुनील जाना यांनी त्याच दुष्काळाची घेतलेली छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली आणि दूरच्या वाचकांपुढे ते संकट उभे राहिले.

याचे मर्म काय? छायाचित्र काळाला थांबवते. रस्त्यावर ज्या दृश्याला निमिषमात्र मिळत नाही त्याला कागदावर कितीही वेळ मिळतो. घाईने जे हिरावून घेतले ते छायाचित्र परत देते. म्हणून ज्या वाटसरूने सकाळी मान वळवली तोच संध्याकाळी चित्रापुढे स्तब्ध उभा राहू शकतो. परंतु येथेच एक धोका आहे. चित्रापुढे उभे राहण्यास काही द्यावे लागत नाही. चित्रातील मनुष्य हात धरीत नाही, त्याच्या अंगाला दुर्गंधी येत नाही, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कोपऱ्यावर भेटत नाही. चार क्षण डोळे ओले झाले की कर्तव्य पार पडल्याचे समाधान वाटू लागते. अशा वेळी छायाचित्र ही दुसरी काच होते. पहिल्या काचेपेक्षा अधिक स्वच्छ, एवढेच.

छायाचित्रकारही या धोक्यापासून मुक्त नाही. रीस अनेकदा परवानगीवाचून मध्यरात्री आत शिरत असे, आणि एकाएकी पडलेल्या झगझगीत उजेडाने निजलेली माणसे दचकून उठत. १९१६ साली पॉल स्ट्रँड याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका अंध स्त्रीचे चित्र घेतले. तिच्या गळ्यात ‘अंध’ अशी पाटी आहे व वर फिरत्या विक्रीच्या परवान्याचा बिल्ला आहे. माणसांच्या नकळत चित्रे घेता यावीत म्हणून स्ट्रँडने कॅमेऱ्याच्या बाजूस एक खोटे भिंग बसवले होते. या स्त्रीला तर खरे भिंगही दिसले नसते. चित्र अपूर्व आहे. तथापि जिला पाहता येत नाही तिला तिच्या नकळत पाहण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न त्या चित्राला कायमचा चिकटलेला आहे. याउलट डोरोथिया लँग हिचे १९३३ चे सॅन फ्रान्सिस्कोमधील चित्र पाहावे. श्रीमंतांची व्यक्तिचित्रे काढणारी ही बाई आपल्या चित्रशाळेच्या खिडकीतून बेकारांचे तांडे पाहून खाली रस्त्यावर उतरली. फुकट अन्नासाठी जमलेल्या गर्दीत एक वृद्ध पुरुष कठड्यावर हात टेकून, दोन्ही बाहूंमध्ये पत्र्याचा डबा ठेवून उभा आहे. इतर सर्वांची पाठ आहे. एकटा तो कॅमेऱ्याकडे तोंड करून आहे, तरी टोपीखाली त्याचे डोळे झाकलेले आहेत. त्याची लाज त्याच्यापाशीच राहू दिलेली आहे. कॅमेरा जवळ गेला, पण अंगावर गेला नाही. खिडकी सोडून रस्त्यावर उतरणे आणि तेथेही समोरच्याचा मान राखणे, या दोहोंत पाहण्याची सारी नीती सामावलेली आहे.

पाहण्याचा प्रश्न केवळ कलेचा नाही, तो कायद्याचाही आहे. मुंबई भिक्षाप्रतिबंधक अधिनियम १९५९ साली झाला आणि पुढे दिल्लीसारख्या अन्य प्रदेशांनीही तो उचलला. त्यातील भिक्षेची व्याख्या विलक्षण विस्तृत आहे. हात पसरणे ही तर भिक्षा आहेच. पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा एखादी वस्तू विकण्याचा बहाणा करणे याही रूपाने मागितलेली भीक त्यात येते. म्हणजे गावात ज्याला सुपाने धान्य मिळे तो वासुदेव शहराच्या हद्दीत येताच गुन्हेगार ठरू शकतो. फार काय, उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि मनुष्य सार्वजनिक जागी भिकाऱ्यासारखा हिंडताना वा थांबलेला आढळतो, एवढेही पुरे होते. न्यायालयाने भिकारी ठरवलेल्या माणसास पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरीगृहात ठेवण्याची त्यात तरतूद आहे. भीक मिळावी म्हणून स्वतःचे प्रदर्शन होऊ देणे हेही त्या व्याख्येत बसते. या कलमापाशी विचारी मनुष्य थबकतो. त्याच्या दैन्याचे चित्र दालनात टांगले तर ती कला. तो स्वतः रस्त्यावर बसला तर तो अपराध!

ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती या कायद्याची अनेक कलमे घटनाबाह्य ठरवली; महाराष्ट्रातील कायदा त्या निकालाने रद्द झाला नाही. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भिकाऱ्यांस रस्त्यांवरून हटवण्याची मागणी मान्य करण्यास नकार दिला. दारिद्र्य हे मागण्याचे कारण असता वरिष्ठ वर्गाच्या दृष्टीने त्याकडे पाहता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्या न्यायपीठावर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. त्यांचे वडील सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८५ च्या जुलैमध्ये ओल्गा टेलिस यांच्या खटल्यात मुंबईच्या पदपथवासीयांविषयी निर्णय दिला होता. १९८१ च्या भर पावसाळ्यात त्यांच्या झोपड्या हटवण्याचा हुकूम सरकारने काढला होता. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, हे त्या निर्णयाने प्रस्थापित केले. मात्र योग्य सूचना देऊन झोपड्या हटवण्याची मुभाही कायम ठेवली.

त्याच १९८५ साली मुंबईतील ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथांवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली आणि अहवालाला ‘आम्ही अदृश्य’ अशा अर्थाचे नाव दिले. त्या मोजणीतून निघालेले सत्य डोळे उघडणारे होते. पदपथावर राहणारे बहुतेक लोक भिकारी नव्हते. ते हमाल होते, बांधकामावरचे मजूर होते, घरकाम करणाऱ्या स्त्रिया होत्या. कामाच्या जवळ राहता यावे म्हणून त्यांनी पदपथ पत्करला होता. २०११ च्या जनगणनेचे आकडेही हेच सुचवतात. त्या गणनेत भारतात बेघर म्हणून सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे नोंदली गेली, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार. भिकारी व निराश्रित भटके म्हणून झालेली नोंद मात्र सबंध देशात सुमारे ४ लाख १३ हजारांची होती. बेघर आणि भिकारी हे दोन शब्द बोलण्यात सहज एक होतात. प्रत्यक्षात ते एक नाहीत. रात्री पुलाखाली निजलेल्याचे जे चित्र पाहून प्रेक्षक ‘बिचारा भिकारी’ म्हणतो, त्याच माणसाने कदाचित त्या दिवशी प्रेक्षकाच्याच घराच्या विटा वाहिलेल्या असतील. चित्र हा भेद सांगू शकत नाही. तो विचारावा लागतो, आणि विचारण्यासाठी थांबावे लागते.

थांबण्याचा अर्थ प्रत्येक पसरलेल्या हातावर नाणे ठेवणे असा नव्हे. नाण्याने पुष्कळदा देणाऱ्याचीच सुटका होते. ते टाकले की पुन्हा पाहावयास नको. शहरी लोकवस्तीत दर लाख माणसांमागे शंभर जणांना पुरेल असा कायमचा निवारा असावा, असे प्रमाण राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने २०१३ साली मानले होते. आपल्या शहरात असे निवारे किती, ते कोठे आहेत, त्यांत बायामुलांची सोय आहे की नाही, हे नगरपालिकेस विचारणारा सुशिक्षित गृहस्थ दुर्मिळ आहे. रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल जो अर्ज करतो त्याला रस्त्यावर निजणाऱ्याबद्दलही अर्ज करता येईल. त्यास फार धैर्य लागत नाही. थोडी सवड लागते.

महाराष्ट्राने असा एक वाटसरू पाहिलेला आहे, की ज्याने प्रथम मान वळवली आणि मग तो मागे फिरला. वरोरा येथील मुरलीधर देविदास आमटे हे वकील होते, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, कोणत्याही कष्टाला न भिणारे म्हणून त्यांची ख्याती होती. एका पावसाळी संध्याकाळी गटाराकाठी तुळशीराम नावाचा महारोगी पडलेला त्यांना दिसला. त्याची झडलेली बोटे व किडे पडलेले शरीर पाहून ते भयाने घरी पळाले. घरी आल्यावर त्यांना आपल्या भयाची लाज वाटली. ते परत गेले, त्याला आडोसा केला आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. त्या परत जाण्यातून पुढे १९४९ साली महारोगी सेवा समिती निघाली व आनंदवन उभे राहिले. त्या संध्याकाळी तेथे कोणी छायाचित्रकार नव्हता. असता, तर त्याच्या पहिल्या चित्रात गटाराकाठचा एक मनुष्य व पाठमोरा पळणारा दुसरा मनुष्य एवढेच दिसले असते, आणि ते उपेक्षेचे उत्कृष्ट चित्र म्हणून गाजले असते. दुसरे चित्र घेण्यासाठी मात्र त्याला थोडा वेळ तेथेच थांबावे लागले असते.

पदपथावरील छायाचित्रांतून जे वाटसरू पाठमोरे दिसतात त्यांच्याविषयी म्हणूनच घाईने निकाल देऊ नये. कॅमेऱ्याने त्यांचा एक क्षण पकडला आहे, सारे आयुष्य नव्हे. पुढच्या वळणावरून मागे फिरणे त्यांच्या हाती आहे. आणि ते चित्र हाती घेऊन बसलेल्या वाचकाच्याही.